फाइल कोणाची, हुकूम कोणाचा?

एनव्हीआय या एडिटरच्या मॅन्युअलमध्ये पर्यायांची लांबच लांब यादी आहे. ओळींना क्रमांक दाखवायचे का, टॅब किती घरांचा धरायचा, शोधताना लहान-मोठ्या अक्षरांत फरक करायचा का, असल्या बारीकसारीक गोष्टी तिच्यात आहेत. त्याच यादीत 'मोडलाइन' नावाचा एक पर्याय आहे आणि त्याच्यापुढे, हा पर्याय कधीही अमलात आणला जाणार नाही, अशी नोंद आहे. कीथ बॉस्टिक यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्कलीच्या युनिक्ससाठी हा एडिटर लिहिला तो जुन्या व्हीआयची जागा घेण्यासाठी. जुन्याच्या खोडीसुद्धा नव्यात उतराव्यात इतका त्यांचा कटाक्ष होता. मग याच सोयीशी एवढे वैर का? हे पुस्तक त्या प्रश्नाभोवती फिरते.

व्हीआय बिल जॉय यांनी १९७६च्या सुमारास बर्कलीत लिहायला घेतला. पुढे त्यात मोडलाइन आली. फाइलीच्या पहिल्या किंवा शेवटच्या पाच ओळींत 'व्हीआय' अशी अक्षरे, त्यापुढे दोन टिंबे आणि मग एखादी कमांड लिहिली, की फाइल उघडताक्षणी एडिटर ती पाळायचा. हेतू अगदी साळसूद होता. या फाइलीतला टॅब चार घरांचा आहे, हे फाइलीनेच सांगावे आणि उघडणाऱ्याचा त्रास वाचावा, एवढाच. पण कमांड कोणतीही चालत असे आणि उद्गारचिन्ह देऊन शेलमधला हवा तो प्रोग्राम चालवण्याची सोय व्हीआयमध्ये होतीच. म्हणजे परक्याने पाठवलेली फाइल तुम्ही नुसती वाचायला उघडलीत, तरी तिच्यातली एक ओळ तुमच्या नावाने, तुमच्या अधिकारात, तुमच्याच फाइली पुसू शकत होती.

दुसरी वाट होती डॉट-ईएक्सआरसी या फाइलीची. व्हीआय सुरू होताना होम डिरेक्टरीतली ही फाइल वाचत असे आणि तुम्ही ज्या डिरेक्टरीत असाल तिथलीही. विद्यापीठातल्या एकाच यंत्रावर अनेक जण काम करत. सगळ्यांना लिहिता येईल अशी एक टेम्प डिरेक्टरी सामायिक असे. तिथे कोणी खोडसाळपणे आपली डॉट-ईएक्सआरसी टाकून ठेवली आणि तुम्ही तिथूनच व्हीआय सुरू केलात, की त्याचे हुकूम तुमच्या खात्यावर सुटत. पुढे पॉझिक्स मानकाने याला लगाम घातला. चालू डिरेक्टरीतली फाइल वाचायची, तर वापरकर्त्याने तशी परवानगी आधी दिलेली हवी आणि ती फाइल त्याच्याच मालकीची हवी.

कॉन्फिग फाइल म्हणताना आपण दोन अगदी निराळ्या वस्तूंबद्दल बोलत असतो, हे या दोन उदाहरणांतून दिसते. एक माझी असते. ती माझ्या होम डिरेक्टरीत राहते, मी लिहिलेली असते, तिच्यात मी माझ्या यंत्राला काहीही सांगू शकतो आणि त्यावर कोणी बंधन घालण्याचे कारण नाही. दुसरी कामाच्या फाइलींबरोबर बाहेरून येते. ती लिहिणारा कोण, त्याच्या मनात काय, हे मला ठाऊक नसते. घरी आलेल्या पाहुण्याने 'चहात साखर नको' म्हणावे, त्यात वावगे काही नाही. त्याने कपाटाची किल्ली मागितली तर मामला वेगळा. जुन्या व्हीआयने दोन्ही मागण्या एकाच कानाने ऐकल्या, आणि पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे एडिटर लिहिणारे तो घोळ निस्तरत आहेत.

म्हणूनच सुरक्षितता आणि स्वातंत्र्य यांचा तराजू मांडून एक पारडे वर गेले की दुसरे खाली जाणारच, अशा थाटात जी चर्चा चालते ती मला पटत नाही. बहुतेक भांडणे पाहिली, तर कोणाचे स्वातंत्र्य आणि कोणापासून सुरक्षितता, हेच तिथे ठरलेले नसते. मालकाचे स्वातंत्र्य अबाधित ठेवून आगंतुक फाइलीचे तोंड बांधता येते. ते कसे बांधायचे, यावर मात्र प्रामाणिक मतभेद आहेत आणि त्यातूनच या क्षेत्रातली घराणी तयार झाली.

नवख्या वाचकाला आधी वेगळाच प्रश्न पडेल: सेटिंगच्या फाइलीत हुकूम हवेतच कशाला? रंग, रुंदी, फाँट एवढे लिहिता आले की झाले. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर इतिहासात आहे. १९६२-६३ साली डॅन मर्फी यांनी एमआयटीत पीडीपी-१ या संगणकासाठी टेको लिहिला. टेकोत मजकूर बदलण्यासाठी जी अक्षरे टंकायची तीच एका लहानशा भाषेतल्या कमांड होत्या. त्या जोडल्या की प्रोग्राम तयार. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतल्या मंडळींनी टेकोवर मॅक्रोंचे थर चढवले. १९७६मध्ये रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी ते एका सूत्रात बांधले आणि इमॅक्स जन्माला आला. १९७८मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या प्रणालीवरचा इमॅक्स लिस्पमध्ये लिहिला आणि वापरकर्त्यालाही तीच भाषा वापरायला दिली. १९८५पासून जीएनयू इमॅक्स लोकांच्या हाती आला तो याच घडणीत. तिथे एडिटरचा मोठा भाग आणि वापरकर्त्याची सेटिंगची फाइल एकाच भाषेत असतात. वापरकर्ता एडिटरच्या पोटातले फंक्शन काढून आपले बसवू शकतो. या लोकांच्या दृष्टीने कॉन्फिग फाइल म्हणजे एडिटर लिहिण्याचे उरलेले काम.

ज्या प्रयोगशाळेत हे घडले, तिथल्या आयटीएस या प्रणालीत सुरुवातीला पासवर्डही नव्हते आणि एकमेकांच्या फाइली उघडून पाहणे, दुरुस्त करणे हा रिवाज होता. अशा वातावरणात फाइलीने एडिटरला चार गोष्टी सांगितल्या, तर कोणाच्या भुवया उंचावणार? दोष त्या पिढीला देण्यात अर्थ नाही. तिच्या सोयी आपण अनोळखी लोकांनी भरलेल्या जगात आणल्या आणि त्यांच्या अटी मागेच ठेवल्या.

इमॅक्समध्येही फाइलीला बोलण्याच्या जागा आहेत. पहिल्या ओळीत दोन डॅश-तारांकितांच्या मध्ये लिहिता येते, फाइलीच्या शेवटी 'लोकल व्हेरिएबल्स' असा मथळा देऊन यादी करता येते आणि २००९च्या २३व्या आवृत्तीपासून अख्ख्या डिरेक्टरीसाठी एक वेगळी फाइल ठेवता येते. पहिल्या ओळीची ती खूण मराठी प्रोग्रामरांच्याही ओळखीची आहे, भले त्यांनी इमॅक्स कधी उघडला नसेल. पायथॉन २च्या काळात कोडमध्ये देवनागरी अक्षर लिहायचे, तर फाइलीच्या डोक्यावर 'कोडिंग : यूटीएफ-८' अशी ओळ घालावी लागे. ती ज्या डॅश-तारांकितांत लिहायची पद्धत पडली ती इमॅक्सची आहे. पायथॉनने तीच खूण मानली, म्हणजे एका ओळीत भाषा आणि एडिटर दोघांचेही काम भागे. फाइलीने स्वतःबद्दल काही सांगणे किती उपयोगी असते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. आपल्या लिपीच्या लोकांना ही सोय नकोशी वाटण्याचे कारणच नव्हते.

पण त्याच यादीत इमॅक्सने 'इव्हॅल' नावाची एक नोंद चालू दिली आणि तिच्यापुढे लिस्पचे कोणतेही वाक्य लिहिता येते. इथे पाहुण्याच्या हाती किल्लीच आली. इमॅक्सकारांनी ती हिसकावून घेतली नाही. त्यांनी दारावर चौकशी सुरू केली, आणि २००७च्या २२व्या आवृत्तीत त्या चौकशीला जे रूप आले ते माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत विचारपूर्वक केलेले काम आहे. प्रत्येक व्हेरिएबलचा लेखक त्याच्यासोबत एक लहानशी चाचणी जोडू शकतो. परिच्छेदाची रुंदी ठरवणारे व्हेरिएबल घ्या: त्याची किंमत पूर्णांक असेल, तर ती निर्धोक, विचारायची गरज नाही. ज्यांच्या नावाच्या शेवटी हुक, फंक्शन, कमांड, प्रोग्राम अशी शेपटी असते, ती व्हेरिएबल्स धोकादायक मानली जातात, कारण त्यांच्या किमती पुढे कधीतरी चालवल्या जाणार असतात. या दोहोंत न बसणाऱ्यांबद्दल वापरकर्त्याला विचारतात. त्याने उद्गारचिन्ह दाबले, तर ती विशिष्ट किंमत कायमची निर्धोक म्हणून नोंदली जाते. धोकादायक गटाला ही कायमची सवलत प्रश्नाच्या उत्तरातून मिळत नाही. ती हवी असेल तर मालकाने आपल्या फाइलीत आपल्या हाताने लिहावी.

या रचनेची खुबी तिच्या बारकाव्यात आहे. संपूर्ण फाइलीवर विश्वास आहे का, असा मोघम सवाल ती टाकत नाही. नेमकी ही किंमत या व्हेरिएबलला द्यावी का, असे विचारते. आणि ज्याला हे सगळे नको आहे त्याला ते एका ओळीत बंद करता येते, किंवा सर्वांना मोकळे रान देता येते. मॅन्युअल तसे करू नका म्हणते, पण हात धरत नाही.

व्हिमचे घराणे वेगळे. ब्रॅम मोलेनार यांनी १९९१मध्ये अमिगा संगणकासाठी व्हिमची पहिली आवृत्ती दिली आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते त्याची देखभाल करत होते. त्यांनी मोडलाइन ठेवली, मात्र तिला फक्त 'सेट' ही एकच कमांड बोलू दिली. रूट वापरकर्त्यासाठी ती मुळात बंद. शिवाय काही पर्यायांच्या किमती या स्वतःच लहानसे प्रोग्राम असतात. फाइलीतल्या घड्या कुठे घालायच्या हे सूत्राने ठरवता येते, ओळ किती आत सरकवायची हेही. अशी सूत्रे मोडलाइनमधून आली, तर ती सँडबॉक्समध्ये चालवायची, म्हणजे तिथून फाइल लिहिणे, शेल चालवणे वगैरे जमू नये. कोणाला काही विचारायचे नाही, गाळणी इतकी बारीक करायची की विचारण्याची पाळीच येऊ नये, असा हा पंथ. वापरायला इमॅक्सपेक्षा कितीतरी सुखाचा. गाळणीला भोक मात्र पडायला नको.

ते पडत राहिले. २००२मध्ये जॉर्जी गुनिन्स्की यांनी दाखवले, की बाहेरच्या लायब्ररीतले फंक्शन बोलावण्याची व्हिममधली सोय मोडलाइनच्या सूत्रातूनही गाठता येते. २०१६मध्ये आढळले, की फाइलटाइप, सिंटॅक्स आणि कीमॅप या तीन पर्यायांच्या किमती नीट तपासल्याच जात नव्हत्या. (यातला कीमॅप म्हणजे दुसऱ्या लिपीत टंकण्याची तजवीज, आपल्यासारख्यांच्या सोयीची खिडकीही उघडी राहिली होती.) आणि २०१९मधली गोष्ट तर कोणालाही पाठ्यपुस्तकात घालावीशी वाटेल अशी. व्हिममध्ये एखाद्या फाइलीतला मजकूर जणू कीबोर्डवरून टंकला जात आहे असा वाचण्याची एक कमांड आहे. सँडबॉक्सने तिच्यावर बंदी घालायची राहून गेली होती. घडीच्या सूत्रात चाचणीसाठीचे एक निरुपद्रवी दिसणारे फंक्शन ठेवायचे, त्याच्या पोटातून ती कमांड द्यायची आणि वाचायला नाव द्यायचे खुद्द त्याच उघडलेल्या फाइलीचे. व्हिम सँडबॉक्समधून बाहेर आल्यावर फाइलीतला मजकूर टंकला जाऊ लागे, म्हणजे बंदी उठलेली आणि हुकूम सुरू. शोध लावणाऱ्याने दिलेल्या एका नमुन्यात तर फाइल टर्मिनलवर कॅट कमांडने छापून पाहिली, तरी ती खोडसाळ ओळ दिसू नये अशीही क्लृप्ती होती. सीव्हीई-२०१९-१२७३५ असा या त्रुटीचा नोंदणी क्रमांक. व्हिमने ८.१.१३६५ या पॅचने आणि निओव्हिमने ०.३.६ या आवृत्तीत ती बुजवली. लगोलग पुढच्याच पॅचने मोडलाइनमधली सूत्रे मुळातून बंद केली, मालकाने वेगळा पर्याय चालू केल्याखेरीज ती आता चालत नाहीत.

हा शेवटचा बदल मला दुरुस्तीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. इतकी वर्षे सँडबॉक्सची वीण घट्ट करत राहिल्यावर, पाहुण्याला प्रोग्राम लिहू देण्याची गरज किती जणांना आहे, हा साधा प्रश्न अखेर विचारला गेला. फार थोड्यांना. डेबियनने तर याच्या बरेच आधी आपल्या व्हिममध्ये मोडलाइन पूर्णच बंद ठेवायला सुरुवात केली होती. बहुसंख्य वापरकर्त्यांच्या ते लक्षातही आले नाही. ज्या सोयीचे जाणे कोणाला जाणवत नाही, ती चालू ठेवण्याचा हट्ट स्वातंत्र्याच्या नावाने करू नये.

तिसरा पंथ हुकूम नकोतच म्हणणाऱ्यांचा. एडिटरकॉन्फिग ही पद्धत त्याचे ठळक उदाहरण: प्रोजेक्टमध्ये एक साधी फाइल, तिच्यात इंडेंट टॅबने की स्पेसने, रुंदी किती, ओळीच्या शेवटी कोणते चिन्ह, अक्षरसंच कोणता, एवढ्याच मोजक्या जोड्या. अनेक एडिटर तीच फाइल वाचतात. केडीईचा केट हा एडिटर मोडलाइन मानतो, पण तिच्यात फक्त ठरावीक व्हेरिएबल्स चालतात. हेलिक्ससारखे नवे एडिटर मालकाची स्वतःची सेटिंगसुद्धा टॉमल या निव्वळ माहितीच्या स्वरूपात घेतात. पण बाहेरच्या फाइलीला आवरताना घरमालकाचीही जीभ छाटली गेली, अशी माझी त्यावरची तक्रार आहे.

शिवाय नुसती माहिती म्हणजे निर्धोक, हा समजही तपासून घ्यावा लागतो. 'या प्रोजेक्टची तपासणी करणारा प्रोग्राम अमुक फोल्डरमध्ये आहे' ही दिसायला एक नाव आणि एक किंमत आहे. प्रत्यक्षात तो हुकूम आहे, कारण एडिटर तो प्रोग्राम जाऊन चालवणार आहे. कंस आणि अवतरणचिन्हांच्या नेटक्या जेसन फाइलीत असे कितीतरी हुकूम सभ्य कपड्यांत बसलेले असतात. इमॅक्सने नावाच्या शेपटीवरून धोकादायक व्हेरिएबल ओळखायला सुरुवात केली ती हेच ओळखून.

हे सगळ्यांच्या नजरेत आले व्हीएस कोडमुळे. २०१५मध्ये आलेला मायक्रोसॉफ्टचा हा एडिटर काही वर्षांतच बहुतेकांच्या टेबलावर पोचला. त्यात प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच सेटिंग, टास्क, डीबगची फाइल ठेवता येते; फोल्डर उघडताच एखादा टास्क सुरू व्हावा असेही त्यात लिहिता येते. त्यातच ईएसलिंटसारख्या तपासनीसांची कॉन्फिग फाइल हीच जावास्क्रिप्ट असते आणि रस्टसारख्या भाषांत प्रोजेक्ट समजून घेण्यासाठी त्यातला काही कोड चालवावाच लागतो. म्हणजे फोल्डर 'नुसता उघडणे' ही क्रियाच उरली नाही. २०२१मध्ये १.५७ या आवृत्तीत वर्कस्पेस ट्रस्ट आले: फोल्डर उघडला की या फाइलींच्या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का, असे विचारायचे, नाही म्हटले तर मर्यादित मोडमध्ये टास्क, डीबगिंग आणि अनेक एक्स्टेंशन गप्प ठेवायची.

मर्यादित मोड ही उत्तम कल्पना आहे. प्रश्न मात्र चुकीचा आहे, असे मी म्हणेन. लेखकांवर विश्वास आहे का? मी त्यांना ओळखत नाही, म्हणून तर कोड वाचायला उघडला आहे. आणि 'हो' म्हटल्याशिवाय निम्म्या सोयी चालत नाहीत, म्हटल्यावर हात आपोआप 'हो'कडे जातो. वर्डच्या मॅक्रोंचा इतिहास इथे आठवावा. १९९५चा कन्सेप्ट व्हायरस, १९९९चा मेलिसा, त्यानंतर वर्षानुवर्षे 'मॅक्रो चालू करायचे का' हा प्रश्न आणि त्यावर वर्षानुवर्षे दाबलेले 'हो'. अखेर २०२२मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो न विचारता अडवायला सुरुवात केली. ज्याला उत्तर ठरवता येण्यासारखी माहिती हाती नाही, त्याला प्रश्न विचारणे म्हणजे जबाबदारी त्याच्या गळ्यात टाकणे.

निओव्हिमने २०२३मध्ये ०.९ या आवृत्तीत हाच प्रश्न जास्त शहाणपणाने मांडला. प्रोजेक्टमधली सेटिंगची फाइल वाचायची की नाही हे मालकाने आधी ठरवायचे. वाचायची असेल, तर फाइल प्रथम दिसताना दुर्लक्ष करा, पाहा, नाकारा किंवा मान्य करा, असे पर्याय समोर येतात. मान्य केल्यास त्या मजकुराचा हॅश नोंदला जातो. उद्या त्या फाइलीत एक अक्षर बदलले, तरी पुन्हा विचारणा होते. विश्वास माणसावर किंवा फोल्डरवर न टाकता तुम्ही डोळ्यांनी पाहिलेल्या मजकुरावर टाकायचा, असा हा मार्ग. शेलच्या दुनियेत डिरेन्व्ह हे साधन याच रीतीने चालते. गिटनेही २०२२च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्याच्या मालकीच्या डिरेक्टरीतली कॉन्फिग फाइल निमूटपणे पाळणे सोडले. इमॅक्सला तर २०२५च्या ३०व्या आवृत्तीत विश्वासू मजकुराची वेगळी यादीच आणावी लागली, कारण लिस्पची परकी फाइल उघडल्यावर चुका दाखवणाऱ्या यंत्रणेकडून तिच्यातले मॅक्रो चालवले जात होते. चौकशीची एवढी काटेकोर व्यवस्था असलेल्या घरात मागचे दार उघडे राहिले होते.

हा विषय आताच पुस्तकरूपाने यावा याला दोन ठोस कारणे आहेत. पहिले, परका कोड उघडणे हे आता रोजचे काम झाले आहे आणि फसवणाऱ्यांना ते कळले आहे. २०२३मध्ये पालो आल्टो नेटवर्क्सच्या संशोधकांनी एक मोहीम उघडकीस आणली. तिचा संबंध त्यांनी उत्तर कोरियाशी जोडला. नोकरी देणारे असल्याचे भासवून उमेदवाराला मुलाखतीचा भाग म्हणून एक प्रोजेक्ट उतरवून चालवायला सांगायचे. पुढे अशा सापळ्यांत व्हीएस कोडच्या टास्क फाइलीही सापडल्या, म्हणजे उमेदवाराने प्रोजेक्ट 'चालवण्याची'ही गरज उरली नाही. पुण्यात किंवा नव्या मुंबईत पहिली नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींनी हे जरूर वाचावे. मुलाखतीच्या घाईत 'विश्वास नाही' हे बटण दाबायचे धैर्य कोणाला होते?

दुसरे कारण अधिक नवे आहे. आतापर्यंत कॉन्फिग फाइल वाचणारा एडिटर आणि लिहिणारा माणूस, अशी विभागणी होती. आता एडिटरमध्ये बसलेला एआय सहायक फाइली स्वतः लिहितो आणि त्याला मिळणाऱ्या सूचना कुठल्याही मजकुरात दडलेल्या असू शकतात. २०२५मध्ये गिटहब कोपायलटबाबत नोंदली गेलेली त्रुटी (सीव्हीई-२०२५-५३७७३) नेमकी हीच होती: कोडमध्ये पेरलेल्या सूचनेला भुलून सहायक प्रोजेक्टच्या सेटिंगच्या फाइलीत एक ओळ घाली, त्या ओळीमुळे पुढच्या प्रत्येक कृतीला आपोआप मंजुरी मिळे आणि मग त्याला मोकळे मैदान. पहारेकऱ्याला सुट्टी द्यायचा अर्ज ज्याच्यावर पहारा आहे त्यानेच लिहायचा आणि तो मंजूर व्हायचा! कोणती सेटिंग कोणाच्या हातून बदलता यावी, हा जुना, थोडासा कंटाळवाणा वाटणारा प्रश्न त्यामुळे एकदम ऐरणीवर आला आहे.

या पुस्तकाने हा सगळा पट एकत्र आणला आहे, पण ते धोक्यांची जंत्री नाही. लेखकाचा रोख वापरकर्त्याला भिववण्याकडे नसून त्याचा अधिकार राखून वाट काढण्याकडे आहे, आणि त्यासाठी तो तिन्ही पंथांच्या घडणीत खोल उतरतो. कोणता एडिटर चांगला, या सनातन वादात तो पडत नाही, हे त्याचे वाचकांवर उपकारच म्हणायचे. कंपन्यांनी कर्मचाऱ्यांच्या एडिटरवर लादलेली धोरणे हा विषय त्याने बाजूला ठेवला आहे. तो वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे आणि ते कोणीतरी लिहायला हवे.

मी वर केलेली 'माझी फाइल' आणि 'आलेली फाइल' ही विभागणी हे पुस्तक सहजासहजी मान्य करत नाही, हेही सांगितले पाहिजे. लेखकाचा आक्षेप असा, की आजची 'माझी' कॉन्फिग फाइल खरोखर माझी कुठे उरली? तिच्यात दुसऱ्यांच्या डॉटफाइलींतून उचललेले तुकडे असतात, प्लगइनची यादी असते, आणि प्लगइन मॅनेजर दर अपडेटला अनोळखी माणसांचा ताजा कोड घरात आणून पूर्ण अधिकारांनिशी चालवतो. व्हीएस कोडच्या एक्स्टेंशनांनाही वापरकर्त्याचेच अधिकार मिळतात. आक्षेप खरा आहे. मालकाचे स्वातंत्र्य अमर्याद असावे हे माझे मत त्याने बदललेले नाही. पण मालकी सिद्ध करण्याचे ओझे आता मालकावर आहे, एवढे मी कबूल करतो. उलट, परवानगी विचारणाऱ्या चौकटींबद्दल लेखक माझ्यापेक्षा बराच उदार आहे. त्या नीट शब्दांत मांडल्या तर माणसे वाचतात, असे त्याला वाटते. मला वाटत नाही. वाचकाने दोन्ही बाजू पाहून आपले मत बनवावे.

पुस्तक समजायला लिस्प किंवा व्हिमस्क्रिप्ट येण्याची अट नाही. कोणताही एक एडिटर रोज वापरणाऱ्या आणि त्याची सेटिंगची फाइल एकदा तरी उघडून पाहिलेल्या माणसाला ते पुरते कळेल. जुन्या आवृत्त्यांच्या तपशिलांत मन रमत नसेल, तर ती पाने सोडून पुढे गेले तरी धागा तुटत नाही. मी स्वतः तीच पाने सर्वांत रस घेऊन वाचली.

वाचायला बसण्यापूर्वी एक काम करा. आपल्या एडिटरची सेटिंगची फाइल उघडा आणि तिच्यातली प्रत्येक ओळ काय करते हे स्वतःला सांगून पाहा. जिचे उत्तर देता येणार नाही, तिच्यापुढे टिप्पणीची खूण घालून ती तात्पुरती बंद करा आणि आठवडाभर काही अडते का ते बघा. व्हिम वापरत असाल तर मोडलाइन चालू आहे की बंद, एवढे तरी आजच तपासा.